मुलाच्या छोट्या खोलीत लॉफ्ट बेड बसवताना: आधी छत मोजा, पलंग शेवटी निवडा

मूल सातवी-आठवीत गेलं की त्याला स्वतःचं टेबल लागतं, कपडे वाढतात, दप्तर फुगतं, आणि खोली मात्र तेवढीच राहते. कोल्हापुरात कळंबा, पाचगाव, उजळाईवाडीकडच्या टू बीएचकेमध्ये मुलांची खोली ९ × १० फुटांची मिळाली तरी बरी म्हणायची. शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत भावाभावांत वाटणी झालेल्या जुन्या घरात ती त्याहून अडचणीची. अशा खोलीत पलंग वर नेऊन खाली टेबल किंवा कपाट घ्यायचं, हा लॉफ्ट बेडचा विचार योग्यच आहे. घोळ होतो तो कामाच्या क्रमात.

मोबाईलवर एक फोटो आवडतो. तो फॅब्रिकेटरला नाहीतर सुताराला दाखवला जातो, ॲडव्हान्स दिला जातो, पलंग येतो, आणि तो उभा राहिल्यावर घरातलं कुणीतरी वर बघून म्हणतं, “अरे, पंखा!” त्या फोटोतल्या घरात बहुतेक वेळा सिलिंग फॅनच नसतो, आणि आपल्याकडे तो प्रत्येक खोलीच्या मधोमध असतो. म्हणून खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने घ्या. पलंगाचं डिझाइन सहाव्या टप्प्यावर येतं, त्याआधी कुणालाही पैसे देऊ नका.

## टप्पा १: मूल वर झोपण्याजोगं आहे का?

सहा वर्षांखालच्या मुलाला उंच पलंगावर झोपवू नये, असा अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाचा सल्ला आहे. आपण बोलतोय ते दहा-बारा वर्षांच्या पुढच्या मुलांबद्दल, पण नुसतं वय पुरत नाही. मूल झोपेत चालत असेल, त्याला फिट येत असतील किंवा रात्री अर्धवट झोपेत उठून बाथरूमला जायची सवय असेल, तर हा विचार इथेच सोडा आणि खाली ड्रॉवर असलेला साधा पलंग घ्या.

त्याची बैठी उंची आत्ताच मोजून ठेवा. जमिनीवर भिंतीला पाठ टेकवून ताठ बसवायचं, डोक्याच्या वर पेन्सिलची खूण करायची. बारा वर्षांच्या मुलाची ही उंची साधारण ३० इंचांच्या आसपास भरते. तो वाढणार आहे, म्हणून हिशेबात सरळ ३६ इंच धरा. आजच्या मापाने केलेला पलंग दहावीत डोक्याला लागतो.

## टप्पा २: खोलीची मापं

लांबी-रुंदी प्रत्येकी दोन ठिकाणी मोजा: जमिनीलगत, आणि जिथे पलंग येणार त्या उंचीवर. जुन्या घरांच्या भिंती ओळंब्यात नसतात. खाली ७ फूट भरलेली जागा वर दीड इंचाने कमी निघते आणि मापात केलेला पलंग आत शिरत नाही. भिंत ते भिंत बसवणार असाल तर कमीत कमी माप धरून दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा इंच सोडा.

कागदावर या गोष्टी येऊ द्या:

- फरशीपासून स्लॅबच्या तळापर्यंतची उंची, आणि पीओपी असेल तर पीओपीच्या तळापर्यंतची
- बीम कुठून जातो आणि त्याचा तळ किती उंचीवर आहे
- पंख्याचा मध्य दोन्ही भिंतींपासून किती अंतरावर, पाती किती उंचीवर
- दार कुठे उघडतं, कपाटाची दारं कुठवर येतात
- खिडकीचा तळ आणि माथा, ग्रिल आहे की नुसता स्लायडिंग
- स्विच बोर्ड, एसी, ट्यूबलाइट

बीम लोक हमखास विसरतात. स्लॅब साडेनऊ फुटांवर असला तरी बीम फूटभर खाली असतो, आणि पलंग भिंतीलगत ठेवला की उशी नेमकी बीमखाली येते. तसं असेल तर पलंगाची उंची बीमच्या तळापासून मोजायची.

तपासा: पलंगाच्या गादीच्या पातळीला खिडकी येते का? येत असेल तर पक्कं ग्रिल असल्याशिवाय ती भिंत घेऊ नका. स्लायडिंगची जाळी म्हणजे ग्रिल नव्हे.

## टप्पा ३: पंख्याचा निकाल आधी लावा

या लेखातला एकच टप्पा वाचायचा असेल तर हा वाचा.

खोली ९ × १० ची, पंखा मधोमध, आणि पलंग १० फुटी भिंतीलगत आहे असं धरू. भिंतीपासून पंख्याचा मध्य साडेचार फुटांवर, म्हणजे ५४ इंच. घरातला नेहमीचा १२०० मिलिमीटरचा पंखा मध्यापासून २४ इंच पसरतो. ५४ मधून २४ गेले, राहिले ३०. ३६ इंची गादीचा पलंग फ्रेमसकट ३९ इंच भरतो. म्हणजे पलंगाची कड पात्यांच्या खाली ९ इंच आत जाते. पलंग ९ फुटी भिंतीला लावला तरी ३ इंच आत जातेच.

आता उंची बघा. स्लॅब साडेनऊ फुटांवर असेल तर पाती साधारण सव्वाआठ-साडेआठ फुटांवर फिरतात. गादी पावणेसहा फुटांवर आली आणि मूल उठून बसलं की डोकं सव्वाआठ फुटांवर. सकाळी आळस देत वर केलेला हात कुठे जाईल ते वेगळं सांगायला नको.

“पंखा लहान घेऊ” हा त्यावर मिळणारा नेहमीचा सल्ला. ६०० मिलिमीटरचा पंखा मध्यापासून १२ इंच जातो, पात्यांचं टोक भिंतीपासून ४२ इंचांवर येतं आणि पलंगाची कड ३९ वर आहे. तीन इंच सुटले, पण हाताची लांबी दोन फूट असते. “तो वर असताना पंखा लावायचा नाही” हा नियम तर मे महिन्यातल्या पहिल्याच रात्री मोडतो.

तेव्हा अशा खोलीत सिलिंग फॅन काढायचा आणि भिंतीवरचा पंखा लावायचा. तो पलंगाच्या पायथ्याकडे किंवा समोरच्या भिंतीवर घ्या, पलंगावरून हात लांब करूनही पोचणार नाही इतक्या अंतरावर, आणि बारीक जाळीचा. काढलेल्या पंख्याची वायर नुसती टेप गुंडाळून सोडू नका. इलेक्ट्रिशियनकडून कनेक्टर लावून छताच्या बॉक्सला झाकण बसवून घ्या. त्याच फेरीत वरच्यासाठी एक स्विच आणि एक प्लग पॉइंट काढून घ्या, नाहीतर चार्जरची वायर शिडीवरून लोंबकळत राहते. पलंगाखाली वारा अजिबात पोचत नाही, म्हणून टेबलाजवळही एक पॉइंट हवा.

खोली मोठी असेल, पंखा एका बाजूला असेल आणि पलंगाची कड ते पात्यांचं टोक यात आडवं अंतर तीन फुटांहून जास्त सुटत असेल, तरच सिलिंग फॅन ठेवा. १० फुटी खोलीत असं होत नाही.

## टप्पा ४: उंची वरून खाली मोजा

बहुतेक जण खालून मोजतात: टेबल एवढं, वर एवढी जागा, मग पलंग. हिशेब उलटा करा. छताच्या सगळ्यात खालच्या भागापासून (स्लॅब, पीओपी किंवा बीम) बसण्यासाठी ३६ इंच वजा करा. ही गादीच्या वरच्या पातळीची कमाल उंची. त्यातून गादीचे ५ इंच आणि प्लाय-फ्रेमचे ४ इंच वजा केले की पलंगाखाली मिळणारी मोकळी उंची कळते.

- छत साडेनऊ फूट (११४ इंच): पलंगाखाली जास्तीत जास्त ६९ इंच
- छत ९ फूट (१०८ इंच): ६३ इंच
- पीओपीमुळे साडेआठ फूट (१०२ इंच): ५७ इंच
- बीमखाली ८ फूट (९६ इंच): ५१ इंच

खुर्चीवर बसून अभ्यास करायला ५७ ते ६० इंच पुरतात, फक्त उठताना खुर्ची मागे सरकवून उठायचं. टेबल भिंतीला आत ढकलण्याऐवजी पलंगाच्या कडेलगत ठेवलं तर डोकं कमी आपटतं आणि उजेडही बरा मिळतो. ५१ इंचांत टेबल कोंबू नका. तिथे खाली कपाटं, पुस्तकांचे कप्पे किंवा दुसरी गादी ठेवा.

६९ इंच मिळतात म्हणून ६९ घ्यायचेच असं नाही. खाली माणूस उभा राहील अशी उंची घरच्यांना आवडते, पण तिथे उभं राहून कोण काय करणार? मी ६० वर थांबेन. शिडी लहान होते, वर हवा राहते, आणि चादर घालणाऱ्या बाईचा किंवा बाप्याचा जीव वाचतो. वरच्या मजल्यावर, थेट गच्चीखाली घर असेल तर मार्च ते मे स्लॅब रात्रीपर्यंत तापलेला असतो. तिथे आणखी पाच-सहा इंच खाली या.

तपासा: ठरलेल्या उंचीवर भिंतीला मास्किंग टेपची पट्टी लावा, फरशीवर पलंगाचा आणि शिडीचा आराखडाही टेपने काढा. दोन दिवस तशाच खोलीत वावरा. दार शिडीला धडकत असेल तर आत्ताच कळेल.

## टप्पा ५: गादी आधी, कठडा नंतर

कठड्याची उंची फ्रेमपासून मोजायची नसते, गादीच्या वरून मोजायची असते. अमेरिकेत गादीच्या वर किमान ५ इंच लागतात, युरोपात १६ सेंटिमीटर, म्हणजे सव्वासहा इंच. ही किमान मापं आहेत. दोन चादरी, एक रजई आणि कुशीवर वळणारा चौदा वर्षांचा मुलगा धरला तर ८ ते १० इंच ठेवा.

म्हणून गादी आधी ठरवा. ४ ते ५ इंची फोम किंवा कॉयर बरी. कापसाची गादी वर नेऊ नये असं माझं मत: ती जड असते, उन्हात टाकायला खाली काढणं म्हणजे दोन माणसांचं काम, आणि पिंजून आली की फुगून दोन इंच वर येते, तेवढा कठडा कमी होतो. लांबी ७२ इंचांपेक्षा ७५ किंवा ७८ इंची घ्या.

कठड्याच्या पट्ट्यांमधली फट साडेतीन इंचांपेक्षा जास्त नको, आणि गादी-कठड्यामध्येही मोठी फट नको. शरीर निसटेल पण डोकं अडकेल अशी फट सगळ्यात वाईट. भिंतीकडच्या बाजूलाही कठडा हवा. पलंग भिंतीला टेकवलाय म्हणून तो गाळतात; मग पलंग दोन-तीन इंच सरकतो, आणि उशीपासून हातापर्यंत सगळं त्या फटीत जातं. शिडीसाठी उघडी जागा १२ ते १६ इंच ठेवा, त्याहून रुंद नको.

सावधान: कठड्याला ओढणी, दोरीउड्यांची दोरी, लांब पट्ट्याची बॅग अडकवू देऊ नका. गळ्याला फास बसण्याचा धोका खरा आहे, आणि घरात लहान भावंड असेल तर जास्तच. मच्छरदाणीच्या दोऱ्याही लोंबत्या नकोत; फ्रेमवर ताणून बसणारी घ्या.

## टप्पा ६: लोखंड की लाकूड?

कोल्हापूरकरांना इथे एक सोय आहे. शिवाजी उद्यमनगरात आणि आसपास पाईप कापून, वेल्डिंग करून, मापात फ्रेम देणारे भरपूर आहेत. अडचणीच्या खोलीसाठी माझी पसंती चौकोनी लोखंडी पाईपची फ्रेम आणि त्यावर प्लाय.

खांबांना ४० × ४० मिलिमीटरचा पाईप, १४ गेज (२ मिलिमीटर) किंवा किमान १६ गेज (१.६ मिलिमीटर). १८ गेज स्वस्त पडतो, पण पलंग हालला की सांध्याजवळ लवतो. कोटेशन घेताना पाईपचं माप आणि गेज कागदावर लिहून घ्या; “हेवी पाईप वापरतो” या शब्दांना काही अर्थ नाही.

गादीखाली १८ मिलिमीटरचा प्लाय, दर १५ इंचांवर आडवा पाईप. प्लायला भोकं पाडून घ्या. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा दमट असते, आणि भोकं नसलेल्या प्लायवर गादीच्या तळाला बुरशी धरते. प्लाय आयएस ७१० चा शिक्का असलेला, म्हणजे बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही न सुटणारा), घ्यावा. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ पावसाळ्यात स्क्रू सोडतात.

सगळं लाकडी करायचं असेल तर सांधे नट-बोल्टचे करायला सांगा. नुसत्या खिळ्यांवर आणि फेविकॉलवर उभा लॉफ्ट बेड वर्षभरात करकरायला लागतो.

आता सगळ्यात जास्त वगळली जाणारी गोष्ट: तिरका आधार. चार खांब आणि वर चौकट, एवढंच केलं तर पलंग खाली बसणार नाही, पण आडवा डोलेल. मागच्या बाजूला आणि एका आखूड बाजूला तिरका पाईप किंवा कोपऱ्यांत त्रिकोणी पत्रे हवेतच. “दिसायला बरं नाही दिसत” म्हणून फॅब्रिकेटर टाळतो. मागचा आधार भिंतीकडे जातो, तो दिसतोय कुणाला?

## टप्पा ७: शिडी

भिंतीवरच्या शिडीसारखी सरळ उभी शिडी जागा वाचवते, पण उतरताना पाय सापडत नाही. साधारण ७० अंशांत कललेली शिडी घ्या. गादी ६५ इंचांवर असेल तर ती फरशीवर दोन फूट पुढे येते; हे दोन फूट टेपच्या आराखड्यात धरलेत का, बघा.

पायऱ्या गोल पाईपच्या नकोत, अनवाणी तळव्याला रुततात. तीन-चार इंच रुंदीची सपाट पायरी, वर खरखरीत पट्टी, आणि दोन पायऱ्यांत १० ते ११ इंच, सगळीकडे सारखं अंतर. वर गेल्यावर धरायला गादीच्या वर फूटभर दांडा हवा. शिडी फ्रेमला बोल्टने पक्की करा. हुकवर अडकवलेली शिडी निसटते.

ड्रॉवरवाला जिना फोटोत फार छान दिसतो. सहा पायऱ्यांचा जिना म्हणजे ५ फूट लांब, दीड फूट रुंद, साडेसात चौरस फूट. पलंग वर नेऊन वाचवले १९-२० चौरस फूट, त्यातला तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त परत दिला. ९ × १० च्या खोलीत नको.

## टप्पा ८: भिंतीला बांधणं

स्वतःच्या चार पायांवर उभा राहणारा पलंगसुद्धा दोन ठिकाणी भिंतीला बांधावा, म्हणजे डोलणं थांबतं. भिंत कशाची आहे ते आधी ओळखा. कोपऱ्यात लहान भोक पाडा: लाल भुकटी आली तर वीट, पांढरट आणि ड्रिल लोण्यात गेल्यासारखं शिरलं तर एएसी ब्लॉक (हलका, सच्छिद्र ठोकळा), करडी आणि ड्रिल अडलं तर काँक्रीट. काँक्रीटला साधा अँकर फास्टनर चालतो, विटेला लांब प्लगचा, एएसीला खास त्यासाठीचा लागतो. प्लास्टरमध्येच अडकलेला स्क्रू काही धरत नाही.

जुन्या मातीच्या किंवा मऊ चुन्याच्या भिंतीवर भार टाकायचा नाही, पलंग चार पायांवरच उभा करायचा. जुन्या तुळईला पलंग टांगायची कल्पना कुणी काढली तर हात जोडा. भाड्याच्या घरात भोकं पाडता येत नसतील तर तिरके आधार दोन्ही आखूड बाजूंना घ्या आणि पायांना ४ इंची बेस प्लेट, खाली रबर.

## टप्पा ९: ऑर्डर आणि जोडणी

- फ्रेम सुट्या भागांत, नट-बोल्टवर. अखंड वेल्डिंग केलेला सांगाडा जिन्यात वळत नाही, लिफ्टमध्ये मावत नाही. पेठेतल्या बोळात तर हातगाडीवरच अडकतो.
- पावडर कोटिंगच्या आधी वर्कशॉपमध्ये जाऊन एकदा जोडलेली फ्रेम बघा. गुण्या लावून कोपरे तपासा, कठड्याच्या फटी स्वतः टेपने मोजा. कोटिंगनंतर वेल्डिंग केलं की रंग जळतो आणि तिथूनच गंज धरतो.
- बोल्टची भोकं थोडी सैल ठेवायला सांगा, कारण कोटिंगचा थर भोकातही बसतो. नट नायलॉकचे, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले; ते हादऱ्याने सैल होत नाहीत.
- पाईपची तोंडं प्लास्टिक टोप्यांनी बंद, वेल्डिंगची टोकं ग्राइंड केलेली. हात फिरवून बघा.
- दसरा-दिवाळीच्या आधी घाई करू नका. त्या दिवसांत सगळ्यांच्या हातात कामं असतात आणि तिरका आधार नेमका तेव्हाच “राहून जातो”.

भिंतीचं रंगकाम आणि इलेक्ट्रिकचं काम पलंग आत यायच्या आधी संपवा. नंतर त्या कोपऱ्यात ब्रशही शिरत नाही.

## टप्पा १०: मूल वर जाण्याआधी

पाय फरशीवर नीट टेकलेत का, पाणसळ लावून बघा. मग खांब दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा. थोडी थरथर चालते, डोलणं चालत नाही. साखरेची किंवा तांदळाची ५० किलोची तीन पोती पसरून रात्रभर वर ठेवा, खाली कुणी झोपायचं नाही. सकाळी प्लाय लवलाय का, वेल्डिंगला चीर गेली आहे का, भिंतीतले स्क्रू ओढले गेलेत का, ते पाहा. मित्र आला की दोघं तिघं वर चढणारच आहेत, तुम्ही नाही म्हणालात तरी.

पहिल्या रात्री दिवा बंद करून मुलाला चार वेळा चढ-उतार करायला लावा, उतरताना तोंड शिडीकडे. एक लहान नाइट लॅम्प शिडीच्या पायथ्याशी असावा. ताप आला, पाय मुरगळला, की खाली गादी घालायची. आजारी मुलाला वर चढवू नका.

सगळे बोल्ट महिन्याने एकदा आवळा, मग पावसाळा संपल्यावर. पान्याची एक जोडी पलंगाखालच्या ड्रॉवरमध्येच ठेवा, कारण घरातला पान्याचा डबा गरजेच्या वेळी कधीच सापडत नाही.